बालकाचा आहार आणि बालकाची बुद्धी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीविषयी चार अनुभव सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो हा. त्यावर चिटणीसांचा निरोप आला की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. मुलांच्या आहारावर बोलण्यास डॉक्टर हवेत, पुढारी कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, गिरणी बंद पडली, आणि युनियनचे काम गळ्यात आले ते आजतागायत आहे. इंग्रजी शिकलो तेही औद्योगिक न्यायालयाचे निवाडे डिक्शनरी घेऊन वाचता वाचता. तेव्हा मी आज जे सांगणार आहे ते विद्वत्तेच्या अधिकाराने नव्हे. माझ्या हातून एक चूक झाली. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. आणि तो कळल्यावर जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच माझा हेतू आहे.

चूक कोणती ते आधी सांगतो. २००६ साली एका तयार कपड्यांच्या कारखान्यात आमचा करार चालला होता. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. सव्वाशेच्या आसपास बायका तेथे नगावर काम करीत. कोणी शिलाईवर, कोणी काज-बटणाला, कोणी धागे तोडायला. तीसहून जास्त स्त्रिया जेथे काम करतात तेथे मुलांसाठी खोली हवी, असे त्या वेळी फॅक्टरी अ‍ॅक्ट सांगत होता. खोली होती. दारावर 'पाळणाघर' अशी पाटीही होती. आत कापडाचे तागे रचलेले होते. म्हणून कायद्यात असलेली ही गोष्ट आम्हाला मागणीपत्रात पुन्हा मागावी लागली. मागणीपत्रात एकूण सतरा कलमे होती आणि पाळणाघराचे कलम सतरावे होते.

वाटाघाटी कशा चालतात हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. दोन्ही बाजू थकतात, चहा येतो, आणि मग दोन कलमे इकडची नि दोन तिकडची सोडून मिटवले जाते. आम्ही जे कलम सर्वांत आधी सोडले, ते हे सतरावे. त्याच्या बदल्यात नगामागे काही पैसे वाढवून घेतले आणि मोठ्या समाधानाने बाहेर आलो. फाटकाशी सभा झाली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. सभा पांगल्यावर एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर दहा महिन्यांचे मूल होते.

"दादा, पाळणाघराचं काय झालं?"

"ताई, या खेपेला नाही जमलं. पुढच्या कराराला नक्की धरून बसू."

"पुढचा करार कवा?"

"तीन वर्षांनी."

ती जरा हसली आणि म्हणाली, "तवर ह्यो पाळण्यात ऱ्हाणार हाय व्हय?"

मीही हसलो आणि स्कूटरला किक मारली. तिचे ते वाक्य पुढे दोन वर्षे माझ्या डोक्यात कोठेतरी पडून होते; त्याचा अर्थ मात्र २००८ साली लागला. आमच्या गावात एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आहेत. कामगारांच्या मुलांकडून ते फी बेताचीच घेतात आणि युनियनवाल्यांना मनसोक्त शिव्या देतात. त्यांनी एक दिवस मला बोलावून 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नुकताच आलेला एक लेख हातावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही मजुरीवाले ना? मग हे वाचा. मजुरी कोठे ठरते ते यात लिहिले आहे."

त्या लेखाकडे मी येतोच. पण तो समजण्यासाठी मेंदू कसा वाढतो हे थोडे पाहावे लागते.

जन्मलेल्या मुलाच्या मेंदूचे वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असते. मोठ्या माणसाच्या मेंदूचे तेराशे-चौदाशे ग्रॅम. जसे हातपाय वाढतात तसाच मेंदूही अठरा वर्षे सावकाश वाढत असेल, अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. मूल दोन वर्षांचे होते त्या सुमारास त्याचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाऊणपट किंवा थोडा अधिकच झालेला असतो. म्हणजे जे मूल अजून नीट वाक्य बोलत नाही, त्याच्या मेंदूचे बांधकाम बरेचसे पुरे होत आलेले असते.

या बांधकामाला लागणारा खर्चही तसाच आहे. आपण स्वस्थ बसलो असता शरीर जी शक्ती खर्च करते तिचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदू घेतो. तान्ह्या मुलात हाच हिस्सा निम्म्याहून अधिक असतो. मूल नुसते पडून आहे असे आपल्याला दिसते; पण त्याच्या अन्नातला अर्धा वाटा डोक्याकडे चाललेला असतो.

मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्माआधीच तयार झालेल्या असतात. परंतु सुट्या पेशी काही कामाच्या नाहीत. गिरणीच्या भाषेत बोलायचे तर यंत्रे येऊन पडलेली आहेत, पण वायरिंग व्हायचे आहे. पेशीला पेशी जोडली जाते, आणि त्या जोडणाऱ्या तंतूंवर चरबीचे एक वेष्टन चढते. वेष्टन नीट असेल तर संदेश झपाट्याने जातो, नसेल तर रखडतो. हे जोडकाम आईच्या पोटात सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याचा वेग फार मोठा असतो. पुढेही ते चालते, पण तो वेग राहत नाही.

आता या वायरिंगचा माल अन्नातून यावयाचा. वेष्टनाला चरबी लागते. पेशींच्या घडणीला प्रथिने लागतात. आईला आणि मुलाला आयोडीन लागते. ते नसेल तर गळ्यातली ग्रंथी आपला रस पुरेसा तयार करीत नाही, आणि त्या रसावाचून मेंदूची वाढ खुंटते. म्हणून मिठात आयोडीन घालतात. आणि लोह लागते. लोह म्हणजे रक्त, एवढेच आपण जाणतो. पण तंतूंवर वेष्टन चढवण्यास आणि पेशींमधला निरोप पोचवणारी द्रव्ये बनवण्यासही लोहच लागते. कोस्टारिका देशात डॉ. बेट्सी लोझॉफ या संशोधक बाईंनी तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता झालेली मुले पाहिली. औषधाने त्या मुलांचे रक्त सुधारले. परंतु शाळेत जाण्याच्या वयाची झाल्यावर तपासले, तेव्हाही ती इतर मुलांच्या मागेच होती. रक्ताची उसनवारी फेडता आली. मेंदूची त्या वेळी राहून गेलेली बाकी पुरती फिटली नाही.

भगिनींना मी काही सांगावे असे नाही, पण एक गोष्ट सांगतो. पहिले सहा महिने आईच्या दुधावर मूल उत्तम वाढते. लोहाचा साठा ते जन्मतःच बरोबर घेऊन येते. सहा महिन्यांच्या सुमारास ती शिदोरी संपते आणि दुधात लोह अगदी थोडे असते. तेव्हा आता वरचे अन्न हवे. सहा-आठ महिन्यांच्या मुलाचे पोट म्हणजे जेमतेम दीड वाटीचे. त्यात पातळ पेज किंवा डाळीचे वरवरचे पाणी भरले तर पोट भरते आणि मूल उपाशी राहते. अन्न घट्ट हवे: वरणात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी, त्यात चमचाभर तेल-तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट, खात असाल तर अंडे, थोडे लिंबू. आणि पोट लहान म्हणून ते थोडे थोडे पुनःपुन्हा भरवावे लागते. नऊ महिन्यांपासून दिवसातून तीन-चार जेवणे आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी.

आता आमच्या वस्तीत काय घडते ते पाहा. आई सकाळी आठला कामावर जाते. मूल आजीपाशी, आजी नसेल तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी. त्या पोरीची शाळा बुडते हे वेगळेच. धाकटे रडले की तिला येते ते ती करते: चहा करते, त्यात पाव नाही तर बिस्किट बुडवते आणि चारते. मूल गप्प राहते. पण चहा असा पदार्थ आहे की, अन्नात जे थोडेफार लोह असेल तेही तो अंगी लागू देत नाही. म्हणजे पोट भरले, दाम खर्च झाले, आणि मेंदूच्या पदरात काही पडले नाही. यात ती आई अडाणी आहे असे समजू नका. कित्येक जणींना अंगणवाडीताईंनी सगळे शिकवलेले असते, त्या घडाघडा म्हणून दाखवतात. पण दिवसातून पाच वेळा भरवायला माणूस लागते, आणि ते माणूस त्या वेळी मशीनवर बसलेले असते. नगावरच्या कामात अर्ध्या तासाला मजुरी आहे. मुलासाठी उठलेला अर्धा तास पगारातून जातो.

आता तो 'लॅन्सेट'मधला लेख. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तेथे 'इन्काप' नावाची पोषणाचा अभ्यास करणारी संस्था आहे. १९६९ साली या संस्थेने पूर्वेकडची चार गरीब खेडी घेतली. दोन साधारण नऊशे वस्तीची, दोन पाचशेची. प्रश्न हाच की, लहानपणी अन्न कमी पडले तर बुद्धीवर परिणाम होतो काय? चारही गावांत दवाखान्याची मोफत सोय केली. दोन गावांत रोज दोन वेळा 'आतोले' नावाची पेज देऊ लागले. ही त्यांची नेहमीची मक्याची पेज, जशी आपली आंबील. पण इथे ती प्रथिनयुक्त पीठ आणि दुधाची भुकटी घालून केलेली. एका पेल्यात १६३ कॅलरी आणि साडेअकरा ग्रॅम प्रथिने. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को' नावाचे गोड सरबत दिले. त्यात ५९ कॅलरी, आणि प्रथिने मुळीच नाहीत. हे १९७७ पर्यंत चालले. मग ती गावे आपल्या वाटेने गेली.

पुढे त्या मुलांना संशोधकांनी पुनःपुन्हा शोधून काढले. ती पोरसवदा झाली तेव्हा तपासले तर पेज मिळालेली मुले वाचनात आणि शब्दज्ञानात पुढे होती. आणि एक गोष्ट अशी दिसली की, ती मला वाटते प्रत्येक कामगाराने पाठ करून ठेवावी. सरबताच्या गावांत नेहमीप्रमाणे बऱ्या घरची मुले परीक्षेत वर आणि गरिबांची खाली होती. पेजेच्या गावांत हा फरक उरला नव्हता. गावे तशीच गरीब राहिली, घरे तीच राहिली, मास्तरही तेच. बदलले होते ते पेलाभर अन्न.

२००२ ते २००४ या काळात ती मुले पंचवीस ते बेचाळीस वर्षांची झाली होती; तेव्हा पुन्हा गाठले. ज्या मुलींना लहानपणी पेज मिळाली होती त्या सुमारे सव्वा वर्ष जास्त शाळा शिकल्या होत्या. आणि ज्या मुलग्यांना आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती मिळाली, त्यांची मजुरी दर ताशी सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. ज्यांना ती पेज तीन वर्षे वय उलटल्यावर मिळाली, त्यांच्यात मात्र असा फरक दिसला नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले. शंभराला शेहेचाळीस! मी जन्मभर सह्या केलेल्या एकाही कराराने कोणाची मजुरी एका दमात इतकी वाढवलेली नाही. आणि ही वाढ कोठे झाली होती? फाटकावर नव्हे, लेबर कमिशनरच्या कचेरीतही नव्हे. पेल्यात झाली होती, आणि तीही पहिल्या तीन वर्षांत. करार तीन वर्षांचा असतो. त्या बाईच्या मुलाचीही हीच तीन वर्षे होती. मी तिला "पुढच्या खेपेला" असे म्हणालो होतो. आणि त्या मुलाला पुढची खेप नव्हती.

येथे दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर मी अर्धवट सांगितल्यासारखे होईल. पहिली अशी की, नुसत्या अन्नाने सारे काम भागत नाही. जमैका बेटावर किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली नऊ ते चोवीस महिन्यांची, उंचीने खुरटलेली १२९ मुले घेतली. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जाई आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवी. खेळणी म्हणजे डबे, झाकणे, घरी शिवलेली बाहुली. काहींना दूध आणि खेळ दोन्ही दिले, आणि काहींना यांतले काहीच नाही. दोन वर्षांनी पाहिले तर दुधाने सुधारणा झाली, खेळानेही झाली, आणि जेथे दोन्ही होते तेथे मुले धडधाकट मुलांच्या जवळ येऊन पोचली. पण पुढे वर्षे लोटली तेव्हा एकट्या दुधाचा गुण टिकलेला दिसला नाही; बोलण्या-खेळण्याचा टिकला. बाविसाव्या वर्षी त्या मुलांची मिळकत, ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती.

मला यातले मर्म असे वाटते की, अन्न हा माल आहे आणि बोलणे ही मजुरी. विटा-चुना नुसता पडून राहिला तर घर होत नाही. आणि गवंडी आला पण वीटच नाही, तरीही होत नाही. आईने घास भरवताना "चिऊचा घास, काऊचा घास" म्हणावे, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. त्यात अन्नही आहे आणि भाषाही आहे. ज्या बाईला संध्याकाळी सातला घरी येऊन चूल, पाणी, धुणे उरकायचे असते, तिच्याकडून हा चिऊचा घास काढून घेतला गेला आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हे सारे ऐकून कोणी घरी जाऊन म्हणेल, "पाहा, मजुरांची पोरे मुळातच बुद्धीने कमी, हे शास्त्रानेही सांगितले." मी नेमके याच्या उलट सांगतो आहे. ग्वाटेमालातल्या त्या गावांनी दाखवले की, बुद्धीतला जो फरक आपण जन्माचा, जातीचा, रक्ताचा समजतो, तो पेलाभर पेजेने पुसला जातो. आणि ज्यांचे ते वय निघून गेले त्यांचे सारे बुडाले, असेही समजू नये. मेंदू पुढेही शिकत राहतो. किती झाले तरी मी सातवी पास माणूस पस्तिशीनंतर इंग्रजी शिकलो. पण पहिल्या वर्षांत जे सहज होते त्याला पुढे दुप्पट कष्ट पडतात, आणि ते दुप्पट कष्ट गरिबाच्याच वाट्याला का यावेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आमच्या चळवळीकडे वळतो. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरले. आम्ही कार्यकर्ते ते गायत्री मंत्रासारखे म्हणतो. मिळवता एक, त्याच्यामागे खाणारी एकूण तीन माणसे धरायची. पुरुष एक, स्त्री शून्य पूर्णांक आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, आणि घरभाडे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी पंचवीस टक्के घातले. हे सूत्र फार मोलाचे आहे. कामगार म्हणजे एकटे पोट नव्हे, कुटुंब आहे, हे त्याने मान्य करून घेतले. पण इतकी वर्षे ते म्हणत असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही. त्यात कॅलरी मोजली आहे, कापड मोजले आहे; भरवणाऱ्या हाताचा वेळ मोजलेला नाही. आणि पहिल्या दोन वर्षांच्या मुलाला वेळ हेच अर्धे अन्न आहे.

ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना कळत नव्हती असे नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी मातृत्व लाभाचा कायदा आला. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोनदा सुट्टी, हे त्यात होते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास व त्याहून अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी घेतल्या आहेत. कायदे वाईट नाहीत. परंतु शेतावर, ऊसतोडीवर, बांधकामावर, घरोघरच्या धुण्याभांड्यांवर ज्या बायका राबतात त्यांच्या मालकाकडे पन्नास नोकर नसतात, आणि पुष्कळदा मालक कोण हेच ठरत नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरातली ३५ वयाच्या मानाने खुरटी. आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयातल्या, म्हणजे ज्या वयाविषयी मी इतका वेळ बोलतो आहे त्या वयातल्या, शंभरांपैकी अवघ्या ११ मुलांना पुरेसा आणि योग्य आहार मिळत होता. लक्षात घ्या, उरलेली ८९ काही सगळी गरिबांची असू शकत नाहीत. तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनीही, नातवाला बिस्किटाचा पुडा हातात देऊन गप्प करण्यापूर्वी, थोडा विचार करावा.

२००९ साली त्या कारखान्याचा करार पुन्हा आला. या खेपेला मागणीपत्राचे पहिले कलम पाळणाघर. मालक म्हणाले, खोली रिकामी करतो, बाई ठेवतो, पण मग नगामागची वाढ तुम्ही मागता तितकी देता येणार नाही. माझ्या सहकाऱ्यांचे तोंड उतरले. मी म्हटले, आपण ठरवू नये, बायकांना विचारू. सभा घेतली. ग्वाटेमालाची गोष्ट जशी आपल्याला सांगितली तशीच सांगितली. वाद झाला. ज्यांची मुले मोठी झाली होती त्या म्हणाल्या, आमचे पैसे का सोडावे? त्यांचेही खरे होते. शेवटी एक वयस्क बाई उठून म्हणाली, "माझी पोरं शेजारणीनं सांभाळली. तिला मी कधी पैसा दिला न्हाई. आता द्यायचा म्हणा." हात वर झाले. पाळणाघर सुरू झाले. एक बाई नेमली, दुपारची खिचडी शिजू लागली, आणि दिवसातून दोनदा मशीनवरून उठून मुलापाशी जाण्याची मुभा मिळाली, नग न कापता. पहिल्या महिन्यात तेथे अकरा मुले होती.

तो दहा महिन्यांचा मुलगा त्यांच्यात नव्हता. त्याची वेळ टळून गेली होती. आता तो विशीत आला आहे. दहावीला दोनदा बसला, आणि सध्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला जातो. भला पोरगा आहे, रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. पाळणाघर असते तर तो कोणी वेगळा झाला असता, असे मी म्हणत नाही. असले हिशेब गावाचे मांडता येतात, एका मुलाचे मांडता येत नाहीत. पण तो नमस्कार करतो तेव्हा मला सतरावे कलम आठवते, हे मात्र मी आपणापासून लपवत नाही.

आपल्याकडे मागणे मागतो आणि थांबतो. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळावा, हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे. लोहाचे सिरपही तेथे मिळते, आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर. आपल्या वॉर्डातली अंगणवाडी कोठे आहे, तेथे हे वेळेवर येते की नाही, हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? एकदा जाऊन पाहा. आपण घर बांधत असाल, तर वाळूच्या ढिगाशेजारी जे मूल झोळीत निजलेले असते त्याच्यासाठी एक सावलीची जागा आणि सांभाळणारी एक बाई, एवढे कंत्राटदाराला सांगा. खर्च सिमेंटच्या थोड्या पोत्यांइतका येईल. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईचे मूल लहान असेल, तर तिचा अर्धा तास तिला परत द्या आणि पगार कापू नका. आणि जे चळवळीत आहेत त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, मागणीपत्र लिहायला बसाल तेव्हा सतरावे कलम पहिले लिहा.

मोठ्या माणसाचा संप महिनाभर लांबला तरी तो नंतर भरून काढतो. दहा महिन्यांच्या मुलाला तसे करता येत नाही. त्याचा करार रोज संपतो आणि रोज नवा व्हावा लागतो.